शंभर मिलीमीटर

पहिल्यांदा संध्याच्या लक्षात आलं ते हे, की 'मॅडम' नव्हतं. 'संध्या' एवढंच, आणि पुढे स्वल्पविराम. मंगळवारी जेवणाची सुट्टी संपवून ती जागेवर आली होती, ओले हात रुमालाला पुसत, आणि कंपनीने दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना सरसकट वाटून टाकलेल्या ई-मेलच्या खात्यात, जिथे एरवी कॅन्टीनच्या बदललेल्या वेळा आणि सुरक्षा सप्ताहाच्या घोषणा यांपलीकडे काही येत नसे, तिथे हे येऊन बसलं होतं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला नुसतं नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून कमी होत जातात, आणि कमी होताहेत हे कळतसुद्धा नाही. आई होती तोवर दिवसातून पन्नास वेळा 'संध्ये' ऐकू यायचं, आणि त्यातल्या चाळीस वेळा ते नकोसं व्हायचं. आई जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. धाकटा भाऊ मनोज ताई म्हणायचा, त्याची बायको ताई म्हणायची, सातपूरच्या या कारखान्यातलं अख्खं ड्रॉइंग ऑफिस, कालपरवा लागलेल्या पोरांपासून वरच्या साहेबांपर्यंत, ताई म्हणायचं. सोसायटीत तर ती नुसती 'अठरा नंबरच्या बाई' होती. त्यामुळे पडद्यावर आपलं नाव असं उघडंबोडकं पाहून तिला कोणीतरी पाठीमागून खांद्यावर बोट लावल्यासारखं झालं, आणि तिने खरोखरच मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तिने मजकूर वरून खाली वाचला नाही. तेवीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासून तिला एक खोड जडली होती. कागद कुठलाही असो, लग्नपत्रिका का असेना, डोळे आधी उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात जायचे. ड्रॉइंगवर तिथे चौकट असते, कोणी काढलं, कोणी तपासलं, तारीख काय, बदल कितवा. ते पाहून झालं की मग मधलं चित्र. इथे तळाशी नाव होतं 'किशोर', त्याखाली इटलीतल्या तुरिन शहरातला पत्ता आणि एक लांबलचक फोन नंबर. तेवढं वाचल्यावर तिचे कान गरम झाले. जानेवारीचे दिवस, नाशिकची थंडी त्या वर्षी चांगलीच बोचरी पडली होती, ऑफिसात सगळे स्वेटर घालून बसले होते, आणि हिचे कान गरम. तिने बाटलीतलं पाणी प्यायलं, मेल बंद केली, समोरचं कुठल्याशा गिअरबॉक्सच्या झाकणाचं ड्रॉइंग पाच मिनिटं नुसतं पाहिलं, आणि मग परत मेल उघडली. मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत होता, त्यामुळे प्रत्येक शब्द मनात एकदा उच्चारून बघावा लागत होता, आणि उच्चारला की तो किशोरच्या आवाजात ऐकू येत होता. 'संध्या, बारा वर्षांनी लिहितोय, रागावू नकोस. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवरून काढला. शेवटी ती गाडी घेतोच आहे. इथल्या एका म्हाताऱ्याकडे दोन्ही आहेत, दोन सीटची उघडी आणि चार सीटची बंद. दोन्ही लाल, दोन्ही सदुसष्टच्या. शनिवारी त्याला सांगायचंय. कोणती घेऊ ते शुक्रवारपर्यंत कळव. तुझ्या सहीशिवाय काही फायनल करायची मला सवय नाही.' बस्स. तिने पुन्हा वाचलं, या वेळी जे लिहिलेलं नव्हतं ते शोधत. बायकोचा उल्लेख नव्हता. मुलांचा नव्हता. 'आम्ही' नव्हतं, सगळीकडे 'मी' होतं. आणि 'तू' होतं. पूर्वी तो तिला 'तुम्ही' म्हणायचा.

ही जी वाचण्याची रीत, ती तिला यादवसाहेबांनी लावलेली. यादवसाहेब म्हणजे तेव्हाचे ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख, आता निवृत्त होऊन कळवणला शेती बघत होते. ते म्हणायचे, "कागदावर नाही ते जगात नाही. भोक दाखवलेलं नाही ना? मग भोक नाही. असेल बुवा इथे, असं आपल्या मनाचं भरायचं नाही." त्या एका नियमावर संध्याने आपली सगळी नोकरी केली होती. आणि खरं सांगायचं तर नोकरीबाहेरचं आयुष्यही त्याच नियमावर रेटलं होतं. कोणी तोंडाने बोललं नाही ते नाहीच. तेव्हा आता हा नियम तिने या चार ओळींना लावला तर त्यात नवल काय? बायको लिहिलेली नाही, म्हणजे बायको नाही.

किशोर नव्वद साली लागला. तेव्हा ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर होतं, बारा उभे बोर्ड, ट्रेसिंग पेपरची भेंडोळी, आणि कोपऱ्यात प्रिंट काढायचं अमोनियाचं मशीन. त्या अमोनियाने सगळ्यांच्या डोळ्यांत दिवसभर पाणी असायचं, त्यामुळे तिथे कोणी खरंच रडलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. संध्या चेकर होती. बाई असून चेकर, याचं तेव्हा लोकांना अप्रूप होतं, आणि तिची लाल पेन्सिल तर सातपूरमध्ये नावाजलेली होती. तिच्याकडून एका फेरीत सुटलेलं ड्रॉइंग दाखवा आणि कॅन्टीनमध्ये भजी खा, अशी पैज लागायची. किशोर तिच्याहून तीन वर्षांनी लहान, हाताने देखणं काढणारा, मापांत हमखास चुकणारा. सगळे तिला ताई म्हणायचे. हा पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणाला आणि शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिला, ताई त्याच्या तोंडातून एकदाही निघालं नाही. ही गोष्ट ऑफिसातल्या प्रत्येकाच्या लक्षात आली होती. चेकरबाई सोडून.

मेन रोडवरच्या रद्दीवाल्याकडून तो परदेशी गाड्यांची मासिकं आणायचा, कडा वाळवीने खाल्लेली, दहा-बारा वर्षं जुनी. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून ती बोर्डावर पसरायची. त्यातली एक इटालियन गाडी त्याच्या मनात भरली होती, आल्फा रोमिओ, साठ-सत्तरच्या दशकातली. तिचे दोन प्रकार. एक उघडी, दोन सीटची, मागून होडीच्या टोकासारखी निमुळती होत गेलेली. दुसरी छपराची, चार सीटची, म्हणजे पुढे दोन मोठी माणसं आणि मागे दोन कशीबशी. इंजिन तेच, पुढची चाकं तीच, कंपनी तीच. "लॉटरी लागली तर कोणती, मॅडम?" तो विचारायचा. सबंध पावसाळा हा खेळ चालला. बाकीचे कंटाळून कॅरम खेळायला गेले, ही दोघं राहिली. एकदा तो उघडीच्या बाजूने बोलायचा, वारा लागतो, आकाश दिसतं. दुसऱ्या दिवशी बंदच्या बाजूने, पाऊस आला तर, आणि चार माणसं झाली तर. संध्या त्याला आकडे विचारायची. वजन किती, टाकी केवढी, मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा किती. मासिकातल्या कोष्टकातून तिनेच शोधून काढलं होतं की दोन्ही गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात नेमका शंभर मिलीमीटरचा फरक आहे. बावीसशे पन्नास आणि तेवीसशे पन्नास. "म्हणजे एवढंच," असं म्हणून तिने आपला पंजा बोर्डावर आडवा ठेवून दाखवला होता. दोन माणसांची गाडी आणि चार माणसांची गाडी यांच्यामध्ये बाईच्या पंजाएवढी जागा. किशोर त्या पंजाकडे नको इतका वेळ पाहत राहिला होता. ते तिला आता आठवत होतं. त्या वेळी वाटलं होतं, नखात पेन्सिलची भुकटी दिसतेय म्हणून बघतोय, आणि तिने हात काढून घेतला होता.

ब्याण्णवच्या डिसेंबरात त्याने शीट आणलं. कंपनीचं तुरिनच्या एका फर्मशी सहकार्य ठरलं होतं आणि डायच्या, म्हणजे साच्यांच्या, कामाच्या ट्रेनिंगसाठी किशोरचं नाव गेलं होतं. सगळे कागद फिरत होते. अशात एका दुपारी त्याने तिच्या टेबलावर एक मोठं ट्रेसिंग ठेवलं, नीट शाईत केलेलं. वर उघडी गाडी, खाली बंद, दोन्ही बाजूने पाहिलेल्या, एकास दहा प्रमाणात. खाली कोपऱ्यात चौकट, 'काढले' समोर त्याची सही, 'तपासले' समोर मोकळं. "मॅडम, यातली कोणती ते आता नक्की सांगा," तो म्हणाला, "मग मी निघतो." तिने विचारलं, "ऑफिसचं काम आहे का हे?" तो म्हणाला, "नाही. पण सही तुमचीच लागेल." मग थोडा थांबून, "निदान तोंडी तरी सांगा." संध्या खरोखर विचार करून म्हणाली, "चार सीटची. आईला गाडी लागते. तिला पुढे खिडकीशी बसवावं लागेल. मी मागे बसेन." किशोर हसला, मग हसायचा थांबला. "म्हणजे मी चालवणार, शेजारी तुमच्या आई, आणि तुम्ही मागे?" "हो. का? मागे मला गुडघ्यांना पुरेल जागा." "काही नाही," तो म्हणाला, "तपासून द्या."

आणि तिने तपासलं. दुसरं कोणी असतं तर त्या कागदाची घडी करून उशाखाली ठेवली असती. हिने संध्याकाळी सगळे गेल्यावर दिवा लावून, पट्टी घेऊन, लाल पेन्सिलने तपासलं. एक, दोन्ही गाड्यांना चाकांतलं अंतर सारखंच काढलंय, शंभरचा फरक राहिला. दोन, स्टिअरिंग डाव्या हाताला आहे, इथल्या रस्त्यांसाठी उजवीकडे हवं. तीन, वरच्या गाडीत किशोरने दोन माणसं बसवली होती, रेषेरेषेची, एक पुरुष चालवणारा आणि शेजारी वेणी घातलेली बाई. खालच्या गाडीत तीच दोघं, आणि मागे दोन लहान डोकी. संध्याने सहाही आकृत्यांना लाल गोल केला आणि समासात लिहिलं, 'मानवाकृती अनावश्यक. काढून टाकणे.' खाली शिक्का मारावा तसं नेहमीचं वाक्य, 'दुरुस्त करून पुन्हा सादर करणे.' सही, तारीख. सकाळी त्याच्या बोर्डावर ठेवून दिलं. त्याने ते पाहिलं, घडी केली, "थँक यू, मॅडम," म्हणाला. पुन्हा सादर केलं नाही. फेब्रुवारीत तो गेला. निरोपाच्या वेळी सगळ्यांनी त्याला मिळून सूटकेस दिली, आणि संध्याने त्या सूटकेसच्या बिलावरची बेरीज तपासली होती. सहा महिन्यांचं ट्रेनिंग संपलं, तो परतला नाही. तिथेच नोकरी लागली असं कोणी म्हणालं, कोणी म्हणालं दुसऱ्या देशात गेला. पुढे कंपनीत माणसं बदलली, बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले, आणि त्याची चौकशी करणारं कोणी उरलं नाही.

तिला कळलं ते सत्त्याण्णवमध्ये, आणि तेही अचानक, सिटी बसमध्ये. सीबीएसच्या थांब्याला बस थांबली होती. पुढच्या दोघांच्या सीटवर एक नवरा-बायको बसली होती, बाईने वेणी घातली होती, आणि संध्याला ती दोघं मागून रेषेरेषेत दिसली. एवढंच झालं. तिच्या हातातली पर्स खाली पडली. तिची वेणी! त्या वेळी तिची कमरेपर्यंत वेणी होती आणि ड्रॉइंग ऑफिसात दुसरी बाईच नव्हती. ती सबंध प्रवास उभी राहिली, बसायला जागा असून. पुढचे कित्येक दिवस भाजी चिरताना, पोळ्या लाटताना, आईच्या पायांना तेल लावताना ते समासातलं वाक्य तिच्या डोळ्यांपुढे यायचं, आपल्याच अक्षरात, सुबक. एखाद्या माणसाने आपल्याला मागणी घातली आणि आपण तिच्यात तीन चुका काढून ती परत पाठवली, हे कोणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, "आणि चौथी सुटली का गं?" आई तशीच होती. मंगलाबाई. तिखट, गमतीची, आपल्या दुखण्यांचंसुद्धा भांडवल न करणारी. लोकांना वाटायचं आईमुळे संध्याचं लग्न राहिलं. ते खोटं होतं. आईने चार ठिकाणं स्वतः आणली होती. संध्यालाच प्रत्येकात काहीतरी माप चुकलेलं दिसलं होतं.

मंगळवारची संध्याकाळ तिने घरी काहीही न करता घालवली. खुर्चीत बसली, उठली, खिडकीपाशी गेली. आईची कॉट अजून खिडकीशीच होती, वर गादी नसलेली, नुसत्या पट्ट्या. बुधवारी ऑफिसात तिने एका ड्रॉइंगवर चूक नसताना गोल केला आणि पोराने येऊन "ताई, हे बरोबर आहे ना?" असं भीतभीत विचारलं, तेव्हा ती ओशाळली. तिला काय हवं होतं ते तिला स्पष्ट कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच बसवत नव्हतं. तिला 'दोन सीटची' असं लिहायचं होतं. त्या दोन शब्दांत सगळं येणार होतं. मागे आता बसणारं कोणी नाही, आई नाही, मनोजचं मार्गी लागलं, मी पुढे बसेन. बारा वर्षं उशिरा का होईना, तपासलं, बरोबर आहे, सही. तो ते वाचेल, हसेल, आणि मग काय करेल ते तिला पुढे दिसत नव्हतं. पण दिसत नव्हतं हेसुद्धा तिला आवडत होतं. इतकी वर्षं सगळंच तर दिसत आलं होतं.

चतुराबाई सकाळी भांड्यांना यायची. सुरगाण्याकडची, पन्नाशीची, द्राक्षांच्या कामाला म्हणून नवऱ्याबरोबर खाली उतरली आणि मग नाशिकलाच राहिली. गुरुवारी तिने भांडी घासता घासता मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, दोन दिस झालं तुमी लय गप हाय. चहा पण तसाच निवला." संध्याने एकदम विचारलं, "चतुराबाई, एक सांगा. दोन माणसांची गाडी घ्यावी का चार माणसांची?" विचारल्यावर तिला स्वतःचंच हसू आलं. चतुराबाईने हातातली कढई खाली ठेवली. प्रश्न तिला फार गंभीर वाटला होता. "दोनच माणसांची? अशी गाडी असती व्हय? आमच्याकडं जीपमधी बावीस मावतात, टपावरचे येगळे. दोनच बसले तर डायवर हलतच नाय जागचा." मग थोडा वेळ घासून, "कोन घेतंय गाडी? तुमी?" "मी नाही. ओळखीचे आहेत." "त्याच्या घरी किती मानसं?" संध्याने निवलेला चहा तोंडाला लावला. "ते इचारा आधी," चतुराबाई म्हणाली आणि नळ सोडला.

त्या दिवशी संध्या ऑफिसला बसने गेली नाही, रिक्षा केली. कारण तिने मनाशीसुद्धा कबूल केलं नाही. रिक्षाच्या मागच्या सीटवर मधोमध बसल्यावर दोन्ही बाजूंना जागा उरली आणि त्र्यंबक रोडचा गार वारा दोन्हीकडून अंगावर आला. तिने डोळे मिटले आणि उघडी गाडी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. रस्ता येईना. तुरिनचा रस्ता तिने पाहिलेला नव्हता, म्हणून ती आपली गंगापूर रोडने निघाली, धरणाकडे, दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, आणि शेजारी किशोर. पण त्याचा चेहरा तीस वर्षांचा होता आणि तिचा पंचेचाळीसचा. तिने त्याच्या केसांना पांढरं लावून पाहिलं. ते काही जमलं नाही, नाटकातल्यासारखं दिसायला लागलं. मग तिने आपली वेणी परत घातली, तेही बरं वाटलं नाही, वेणी तिने आईच्या दुखण्यात कापून टाकली होती. गाडी आपली चालली होती आणि तिच्यात धड कोणी बसत नव्हतं. तिला भीती वाटली. इतकं एकटं तिला आईच्या दहाव्याला वाटलं नव्हतं, मनोज कुटुंबासकट पुण्याला गेला तेव्हा वाटलं नव्हतं. त्या वेळी निदान कशाची आशा नव्हती, आणि आशा नसलेल्या घरात माणूस सुखाने झोपतो. आता या एका मेलने घरात कोणीतरी येऊन बसल्यासारखं झालं होतं, आणि ते बोलत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने उत्तर लिहिलं. 'दोन सीटची घे. मागे बसणारं आता कोणी नाही. संध्या.' लिहून झाल्यावर खालच्या कोपऱ्यापासून वाचलं, वरपर्यंत आली, आणि बटणावर ठेवलेलं बोट तसंच राहिलं. पहिल्यांदा वाटलं की लाज वाटतेय. मग नीट पाहिलं तर लाज नव्हती. ते वाक्य तिने दोघांच्या वतीने लिहिलं होतं. मागे तिच्याकडे कोणी नव्हतं हे खरं, त्याच्याकडे कोणी नव्हतं हे तिने कुठून घेतलं? कागदावर नाही, म्हणून नाही. आणि बारा वर्षांपूर्वीही तिने तेच केलं होतं. कागदावर 'लग्न' असा शब्द नव्हता, म्हणून लग्न नव्हतं. यादवसाहेबांच्या नियमाला खरं म्हणजे एक शेपूट होतं. माप सुटलेलं दिसलं तर अंदाज करायचा नाही, उठायचं आणि ज्याने काढलंय त्याच्या बोर्डापाशी जाऊन विचारायचं. लाज वाटली तर लाजून विचारायचं, पण विचारायचं. ड्रॉइंगांच्या बाबतीत हे तिने हजारदा केलं होतं. माणसाच्या बाबतीत एकदाही नाही. तिने मेल पाठवली नाही, पुसलीही नाही. कागदाच्या कपट्यावर फोन नंबर उतरवून घेतला, दोनदा तपासला.

कंपनीच्या गेटसमोर टपऱ्यांच्या रांगेत एक एसटीडी-आयएसडीचं बूथ होतं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडता तिकडे गेली. काचेचं दार ओढून घेतलं तरी रस्त्यावरचे टेम्पो आणि शेजारच्या वर्कशॉपमधलं ग्राइंडिंग आत येतच होतं. तिने नंबर फिरवला. तिकडे सकाळचे साडेआठ वाजले असतील हा हिशेब तिने सकाळपासून चारदा केला होता. बराच वेळ नुसती खरखर, मग वेगळ्याच प्रकारची घंटी, लांब लांब, आणि मग कोणीतरी परक्या भाषेत एक शब्द बोललं. आवाज जाड झाला होता, पण त्याचाच होता.

"किशोर, मी संध्या. नाशिकहून."

"मॅडम!" तो ओरडलाच. "अहो, तुम्ही फोन करताय! मला वाटलं, मेल तरी वाचता की नाही कुणास ठाऊक. कशा आहात? तो आवाज कसला, ग्राइंडरचा ना? सातपूर अजून तसंच आहे म्हणजे!"

मॅडम. लिहिताना त्याची जी हिंमत झाली होती ती बोलताना झाली नव्हती, किंवा लिहितानाही ती हिंमत नव्हतीच, तिकडे सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारत असतील. तरीही ती आता थांबणार नव्हती. एवढ्या लांब येऊन प्रश्न न विचारता परत जायचं म्हणजे काय!

"गाडीचं सांगते," ती म्हणाली, "पण आधी एक विचारायचंय. तू लिहिलेलं नाहीस म्हणून विचारते. तू एकटा आहेस का?"

खरखर ऐकू येत राहिली. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. तो विचारात पडला होता असं नाही, त्याला प्रश्न कळला होता, दोन्ही प्रश्न कळले होते, हे तिला त्या गप्प बसण्यावरून समजलं, आणि तिला त्याचे मनापासून आभार मानावेसे वाटले. त्याने हसून नेलं असतं तर तिला ते सोसलं नसतं.

"आता नाही, मॅडम," किशोर म्हणाला. आणि मग, हळू आवाजात, "तेव्हा होतो."

"हो," संध्या म्हणाली. "ते मला उशिरा कळलं."

"मला वाटलं, तुम्हाला कळलं होतं. कळलं म्हणूनच काढून टाका असं लिहिलंत."

"नाही रे," ती म्हणाली. "मला खरंच वाटलं होतं की त्या आकृत्या नकोत."

बाहेरून एकाने काचेवर टकटक करून त्याला घाई असल्याचं खुणेने सांगितलं, तिने त्याला हातानेच थांब म्हटलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. तिने फक्त पाठ दाराला टेकवली. तिच्याकडे तपासायला आलेला हा कागद आता पुरा होता, त्यात काहीही सुटलेलं नव्हतं, आणि त्याच्यावर सही करणं भाग होतं.

"मुलं आहेत?" तिने विचारलं.

"दोघी मुली. मोठी आठ वर्षांची, धाकटी सहाची."

"मग चार सीटची घे," संध्या म्हणाली. तिचा आवाज ऑफिसातला झाला होता, ठाम. "उघडीचा विचार सोड. मागे त्या दोघी व्यवस्थित मावतील, आणखी सहा-सात वर्षं तरी."

"बघा, मी घरी सांगितलं होतं, नाशिकहून उत्तर येईपर्यंत थांबू या!" तो खुश होऊन म्हणाला, आणि मग त्याला बोलायचं सुचत गेलं. मोठीला चित्रं काढायचा नाद आहे, धाकटी शाळेत जाताना रोज रडते, बायको तिथल्याच एका छापखान्यात आहे, मराठी तिला चार शब्द येतात आणि ते चारही चुकीच्या वेळी वापरते. संध्या "हो का," म्हणत राहिली, "अरे वा," म्हणत राहिली. मागून एका लहान मुलीचा आवाज आला, तिला बहुतेक बूट सापडत नव्हता. किशोरने तोंड बाजूला करून तिला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि परत फोनवर आला.

"माझंच पुराण लावलं मी," तो म्हणाला. "तुमचं सांगा, मॅडम. घरी कोण कोण असतं?"

"मी असते," संध्या म्हणाली.